खोबणीतली गाठ आणि हैदराबादची खेप

बाबांचा उजवा डोळा हळूहळू पुढे, खाली आणि नाकाकडे सरकला होता. दुखणं नाही, नजरही ठीक. डोळा पुढे आला की मोठ्या माणसांत पहिला संशय थायरॉइडवर. त्या तपासण्या नॉर्मल निघाल्यावर सोलापूरच्या डॉक्टरांनीच एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत जायला सांगितलं. हैदराबाद आम्हाला पुण्यापेक्षा थोडंच लांब. हुसेनसागर एक्सप्रेसने नामपल्ली, तिथून बंजारा हिल्सला रिक्षा. हिंदी चालते.

अपॉइंटमेंट घेताना ‘ऑर्बिटचे डॉक्टर’, म्हणजे डोळ्याच्या खोबणीचे, असं स्पष्ट सांगा. पहिला दिवस तपासण्यांतच जातो. थेंब घातले की पेशंटला काही तास जवळचं वाचता येत नाही, त्यामुळे फॉर्म भरायला सोबत कुणी हवंच.

डॉक्टरांनी आरसे लावलेली एक पट्टी बाबांच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या हाडांवर टेकवली आणि आकडे सांगितले: 23 आणि 17. दोन डोळ्यांत 2 मिमीपेक्षा जास्त फरक म्हणजे कारण शोधायलाच हवं. मग डोळा कधीपासून पुढे आलाय ते बघायला जुने फोटो मागितले! आधारवरचा ठिपक्याएवढा फोटो काय कामाचा. ताईच्या लग्नातला मोबाइलमध्ये होता म्हणून निभावलं. चांगले चार-पाच घेऊनच निघा. सीटी, एमआरआयचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडीही न्या. हाड सीटीत नीट दिसतं, मऊ भाग एमआरआयमध्ये.

गाठ अश्रुग्रंथीत, गोल, कडा रेखीव. शेजारचं हाड दबून खोलगट झालेलं, पण पोखरलेलं नाही. अंदाज प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाचा, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठीचा. अशा गाठीचा तुकडा तपासायला काढत नाहीत. आवरण फुटलं तर पेशी सांडतात आणि गाठ वर्षांनी परत येते, कधी कॅन्सर होऊनही. ती आवरणासकट अख्खीच काढायची. उलट गाठ दुखत असेल, हाड खाल्लेलं असेल, तर कॅन्सरच्या संशयाने आधी बायोप्सी. त्यामुळे ‘आधी तुकडा काढून बघू’ असं कुणी म्हटलं तर का, ते जरूर विचारा.

पूर्ण भूल देऊन खोबणीच्या बाहेरच्या भिंतीचं हाड कापून बाजूला केलं, गाठ काढली, हाड परत बसवलं. रात्री सिस्टर पुन्हापुन्हा येऊन विचारायच्या, “कितने उंगली?” आत रक्त साचलं तर नस दबून नजर जाऊ शकते. म्हणून टाके निघेपर्यंत खोली जवळच घ्या. अचानक जोराचं दुखलं किंवा अंधुक झालं, तर तडक इमर्जन्सी गाठा. पॅथॉलॉजीत अंदाज खरा ठरला.

ग्रंथी गेल्याने डोळा कोरडा पडू शकतो. लिहून दिलेले थेंब परतीच्या गाडीत हाताशी ठेवा.