फोटो काढून घरी निवांत चित्र का नाही काढत?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते, कारण हा प्रश्न मला ऑफिसमधल्या मैत्रिणी विचारतात, सासूबाई विचारतात, मंडईतले हमाल विचारतात आणि रिक्षा बाजूला लावून बघत उभे राहिलेले काकाही विचारतात. "अहो ताई, उन्हात कशाला उभ्या राहताय, मोबाईलवर फोटो काढा आणि घरी पंख्याखाली बसून रंगवा की!" प्रश्न रास्त आहे. मी पुण्यात राहते, सोमवार ते शुक्रवार पॅकेजिंगचं डिझाइन करते, म्हणजे मसाल्याची पाकिटं, फरसाणाच्या पिशव्या, साबणाची खोकी, सगळं स्क्रीनवर. आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी स्केचबुक, पेन, छोटी रंगपेटी घेऊन पेठांमध्ये जाते आणि जिथे जागा मिळेल तिथे उभी राहून किंवा पायरीवर बसून चित्र काढते. समोर जे आहे ते, तिथेच, त्याच वेळी.

हे माझ्या एकटीचं खूळ नाहीये बरं का. सिएटलमध्ये राहणाऱ्या गॅब्रिएल कँपनारिओ नावाच्या स्पॅनिश पत्रकार-चित्रकाराने २००७ मध्ये ऑनलाइन ग्रुप सुरू केला, त्यातून अर्बन स्केचर्स ही चळवळ जगभर पसरली आणि त्यांचा पहिला नियमच हा आहे की चित्र जागेवर, डोळ्यांनी बघून काढायचं. पण कोणीतरी नियम केलाय म्हणून मी ते करत नाही.

आधी कॅमेऱ्याचं सांगते. बाजीराव रोडवरचा विश्रामबाग वाडा घ्या, दुसऱ्या बाजीरावाचा. पुढचा सगळा भाग लाकडी, सुरूच्या आकाराचे खांब, वर कोरीव सज्जा. आता समोरच्या फुटपाथवरून हा वाडा फोटोत बसवायचा म्हटलं तर मोबाईल वर करावा लागतो, आणि वर केला की सगळे खांब एकमेकांकडे झुकतात. मोबाईलची लेन्स वाइड असते त्यामुळे जवळचं उगाच मोठं आणि लांबचं उगाच लहान दिसतं. सज्जाखालच्या सावलीत तर सगळी मजा आहे, पण फोटोत एक तर ती सावली काळीभोर येते नाहीतर हल्लीचे फोन तिथे इतका उजेड भरतात की सावली उरतच नाही. डोळ्याचं तसं नसतं. डोळा आधी खांब बघतो, मग वर सरकतो, मग सावलीत स्थिरावतो आणि हळूहळू तिथलं कोरीवकाम दिसायला लागतं, आणि हे सगळं मिळून आपल्या डोक्यात वाडा तयार होतो. मला तो वाडा काढायचा असतो. फोटोवरून काढलं की मी फोटोचं चित्र काढते, आणि स्क्रीनवरचं बघून काढायचं काम तर मी आठवडाभर करतेच.

पण हे तांत्रिक कारण झालं, तेवढ्यासाठी कोणी घाम गाळत नाही. खरं कारण म्हणजे वेळ. फोटोला सेकंद लागतो. चित्राला तास-दीड तास लागतो, आणि माणूस एका जागी तासभर थांबला की आजूबाजूचे लोक त्याच्याशी वेगळं वागायला लागतात.

मंडईत गेलात तर कळेल. मी वनाजहून मेट्रोत बसते, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलते आणि मंडईला उतरते. २०२४ मध्ये ते भुयारी स्टेशन सुरू झाल्यापासून पार्किंगची कटकट संपली. तर मंडईत किंवा बाहेरच्या पथारीवाल्यांसमोर मोबाईल वर धरलात की लोक तोंड फिरवतात, पदर ओढतात, कोणी सरळ विचारतं, "फोटो कशाला पाहिजे?" आणि त्यांचं बरोबर आहे, कारण रस्त्यावर बसणाऱ्याला फोटो म्हणजे अतिक्रमणवाले येणार अशी धास्ती असते. वही उघडली की नेमकं उलटं होतं. आधी पोरं येतात, मग हमाल, मग शेजारचा लिंबूवाला, आणि पाच मिनिटांत माझ्या खांद्यामागे मंडळ जमतं. "ते बघ, ते घड्याळवाल्याचं दुकान काढलं." "अरे हा तर आपला पक्या." ज्याचं चित्र चाललंय त्याला कोणीतरी जाऊन सांगून येतं, मग तो केस सारखे करून बसतो.

एकदा एका मेथीवाल्या मावशींना काढत होते. त्या मंडईच्या आतल्या गाळ्यावर बसतात, गाळे उंच असल्यामुळे गिऱ्हाईक खाली उभं आणि विकणारा वर, त्यामुळे उभं राहून काढलं की त्यांचा चेहरा बरोबर माझ्या डोळ्यांच्या रेषेत येतो, चित्रासाठी यापेक्षा चांगली बैठक शोधून सापडणार नाही. मी जुड्यांवर रंगाचा पहिला थर दिला होता, नुसता गडद हिरवा. मावशींनी वाकून वही बघितली, त्यांच्या चेहऱ्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, म्हणाल्या, "मेथी कालची वाटतीय. माझी पहाटे आलीय, बघ, देठ बघ." आणि एक जुडी सोडून माझ्या हातात दिली. देठ खरंच जवळजवळ पांढरे, मुळाशी ओली माती, आणि पानांच्या मागच्या बाजूला एक फिका निळसर हिरवा असतो तो मी आजवर घरी इतकी मेथी निवडूनही बघितला नव्हता. मग मी पिवळा घेतला, टोकं उजळ केली, देठांच्या जागी कागद कोरा सोडला. मावशींनी परत बघितलं, "आता झाली आजची" म्हणाल्या आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या. घरी फोटोवरून रंगवलं असतं तर मावशी कुठून येणार होत्या सांगा.

मंडईची इमारत तर मला कितीही वेळा काढली तरी पुरत नाही. काळा दगड, मधे अष्टकोनी मनोरा आणि तिथून बाहेर फुटणारे इमारतीचे हात, १८८६ मध्ये उघडली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणायचे. महात्मा फुले नगरपालिकेत सदस्य होते तेव्हा त्यांनी या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर लावा असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पुढे याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं. मला तिथे उभं राहून चित्र काढताना हे नेहमी आठवतं आणि मग मी मनोऱ्यापेक्षा त्याच्या खाली बसलेल्या माणसांना कागदावर जास्त जागा देते. (दगड काळा दिसतो म्हणून काळा रंग वापरू नका, मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळा, उन्हाच्या बाजूला तांबूस जास्त, सावलीच्या बाजूला निळा जास्त.)

दुसरी जागा कसब्यातली तांबट आळी. तिथे जायला पत्ता विचारायची गरज नाही, आवाजाच्या दिशेने चालत जायचं. तांब्याच्या पत्र्याला आकार दिला की त्याच्यावर हातोडीने एकाला एक लागून ठोके देतात, ते मठारकाम. त्या ठोक्यांनी भांड्यावर चमकदार खवले उठतात ते शोभेसाठी आहेत असं वाटतं, पण ठोकल्यामुळे तांबं कडक होतं, भांडं मजबूत होतं, शोभा ही वर मिळते. तिथले एक काका लोखंडी दांड्यावर हंडा अडकवून ठोकत होते. मी विचारलं, काढू का, तर ते काम थांबवून पोझ घेऊन बसले. म्हटलं काका, नका ना थांबू, चालू द्या. ते म्हणाले, "हलत्या माणसाचं कसं काढणार?"

तर तेच तर सोपं असतं! रस्त्यावरून चालणारा माणूस दोन सेकंदांत गेला की गेला, पण कारागीर पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. हातोडी वर जाते, क्षणभर थांबते, खाली येते, हंडा जरासा फिरतो, परत हातोडी वर. मी फक्त वरचा क्षण पकडायचा ठरवला. एका फेरीत खांदा बघायचा, पुढच्या फेरीत कोपर, मग मनगट, मग हातोडीची मूठ. थोड्या वेळाने माझं पेन त्यांच्या ठोक्यावर चालायला लागलं, म्हणजे मी ठरवून नाही केलं, ते झालं. त्या चित्रात जो हात आहे तो कुठल्याही एका क्षणाचा नाही, तो त्या सकाळच्या सगळ्या ठोक्यांचा मिळून आहे, आणि काकांनी बघितल्यावर पहिल्यांदा मूठ तपासली, कुठे धरलीय ते. मान डोलावली. मला त्या दिवशी दुसरं काही नको होतं.

आणि आता वाड्याचं. हे सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होणार नाही. शनिवार पेठेत एक वाडा होता, नाव नाही सांगत, घरातल्यांची खाजगी गोष्ट आहे. मी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून त्याचा दरवाजा काढत होते. बराच वेळ झाल्यावर आतून एक आजोबा आले, माझ्यामागे उभे राहिले, काही बोलले नाहीत, परत आत गेले. परत आले. मग म्हणाले, "एवढा वेळ बघताय तर आत येऊन बघा, बाहेरून काय कळणार?" आत चौक, चौकात आड, त्यावर लोखंडी जाळी, ओसरीवर देवळ्या, त्यात कधीकाळी दिवे ठेवल्याने धरलेली काजळी. आजोबांनी मोठा दरवाजा लावून दाखवला. लावायला कडी नाही, अडसर. भिंतीच्या जाडीतच एक लांब पोकळी, त्यात जाडजूड चौकोनी लाकूड सरकवून ठेवलेलं, ते ओढून काढायचं आणि समोरच्या भिंतीतल्या खाचेत घालायचं. त्यांनी मला ओढायला लावलं. लाकूड मधोमध गुळगुळीत झालेलं, पिढ्यान्‌पिढ्या हात लागून, आणि दोन्ही टोकांना अजून रंधा न मारल्यासारखं खरखरीत.

मी तो अडसर काढला, शेजारी माप म्हणून आजोबांचा हात काढला. आजोबांनी चहा दिला, त्यांच्या सूनबाईंनी विचारलं, "फोटो काढून घरी का नाही काढत?" आणि आजोबाच म्हणाले, "फोटो काढून गेली असती तर मी कशाला बोलावलं असतं?"

तो वाडा आता नाही. रिडेव्हलपमेंटला गेला, आणि त्यात मला कोणाला दोष द्यायचा नाही, पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली भांडी मांडून राहायचं आणि जिन्यावरून आजोबांना उचलून न्यायचं हे ज्यांच्या वाट्याला येतं त्यांना आपण बाहेरून येऊन वारसा शिकवू नये. पण वाड्याचे फोटो असतील बऱ्याच जणांकडे, बाहेरच्या दरवाज्याचे. अडसर कोणाकडे असेल असं मला वाटत नाही. ते पान मी स्कॅन करून त्यांच्या घरी दिलं, नव्या फ्लॅटमध्ये लावलंय त्यांनी.

बायका हमखास पुढचं विचारतात, एकटीला भीती नाही वाटत? सकाळची वेळ, वर्दळीची जागा, पाठ भिंतीला, हे मी पाळते. आणि कोणाच्या दारासमोर बसायचं तर आधी विचारते. कधीतरी वॉचमन हटकतो, "परमिशन आहे का?", तर वही दाखवायची, शांतपणे बोलायचं, नाहीच म्हणाला तर पन्नास पावलं पुढे जायचं, तिथेही काहीतरी असतंच. ऐन चित्राच्या मधे टेम्पो येऊन उभा राहतो, हे तर दर वेळचं. कांद्याचा टेम्पो असेल तर तो काढायचा, इमारत मागून जेवढी दिसेल तेवढी.

सामान काय घेऊ, असंही विचारता. फार नको. रंग आपल्या कॅमलिनचे चालतात, दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेली कंपनी, शाळेत आपण सगळ्यांनी वापरलेले. पैसे घालवायचेच तर कागदावर घाला. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथला सुती चिंध्यांचा कागद बघा, नाहीतर कुठलाही ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, घ्या, पातळ कागदाला पाणी लागलं की तो पापडासारखा उठतो. पेनात वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक भरू नका, त्यात शेलॅक म्हणजे लाख असते, वाळलं की पेन चोक होतं. पिगमेंट इंक म्हणून मागा. मे महिन्यात रंग ब्रशवरच वाळतो म्हणून कागद आधी ओला करून घ्यायचा, आणि जुलैत काही केल्या वाळत नाही म्हणून दोन वह्या न्यायच्या, एक वाळेपर्यंत दुसरी.

या रविवारी मी जुन्या बाजारात जाणार आहे, तिथे जुनी कुलपं विकणाऱ्या एका चाचांनी सांगितलंय की सकाळी लवकर या, माल मांडताना काढा, मांडून झाल्यावर काय मजा. पाऊस असला तर मंडईत सापडेन, मनोऱ्याखाली, मेथीच्या गाळ्याजवळ. यायचं असेल तर या, एक जास्तीचं पेन माझ्याकडे असतं.