एडिटर दोन दिवसांत ठरला, पैसे भरायला अकरा दिवस

कुठला एआय एडिटर (कोड लिहायचा प्रोग्राम, ज्यात एआय मदत करतो) घेऊ असं विचारणाऱ्या सगळ्यांना एकदाच सांगतो, एडिटर निवडणं सोपंय, त्याचे पैसे भरून दाखवा.

मी पुण्यात फर्मवेअर, म्हणजे उपकरणातल्या चिपवर चालणारा कोड, लिहितो, सी++ मध्ये. आधी मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड एडिटर आणि त्यात कोपायलट या एआय मदतनिसाचा फ्री प्लॅन होता, मी घेतला तेव्हा महिन्याला २००० कम्प्लिशन (टाइप करताना पुढचा कोड सुचवणं) आणि ५० चॅट मेसेज मिळायचे. कम्प्लिशन पुरायचे, चॅट तिसऱ्या दिवशीच संपले. मग कर्सर हा एआय एडिटर टाकला, तो व्हीएस कोडचाच फोर्क (त्याचाच कोड घेऊन बनवलेला वेगळा एडिटर) त्यामुळे थीम, शॉर्टकट सगळं एका क्लिकवर आत. टेस्ट म्हणून टूडू ॲप वगैरे बनवत बसू नका, स्वतःचा जुना बग द्या. मी एक यूआर्टचा (चिपच्या सीरियल पोर्टचा) बग दिला ज्यात माझे दोन दिवस गेले होते, त्याने इंटरप्टमधला फ्लॅग व्होलाटाइल केलेला नाही (म्हणजे तो मध्येच बदलू शकतो हे कंपायलरला सांगितलेलं नाही) हे पहिल्या फटक्यात दाखवलं. घ्यायचं ठरलं. महिना २० डॉलर.

डेबिट कार्ड टाकलं, डिक्लाइन. बरं, १६ मार्च २०२० पासून नवीन कार्डावर ऑनलाइन आणि इंटरनॅशनल दोन्ही बंदच येतं, आपण चालू करायचं असतं, हे माहीत होतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू केलं. परत डिक्लाइन. दोन दिवसांनी लक्षात आलं की बटण हिरवं आहे पण खाली लिमिटचा स्लायडर ० वर! चालू करून लिमिट शून्य, म्हणजे जेवायला बोलावून ताटच वाढायचं नाही. स्लायडर सरकवला, या वेळी ओटीपी आला, टाकला, आणि तरीही डिक्लाइन.

कस्टमर केअर म्हणे आमच्याकडे काही इश्यू दिसत नाही सर, मर्चंटशी बोला. मर्चंटला, म्हणजे कर्सरवाल्यांना, मेल केला तर उत्तर, बँकेशी बोला. चार दिवस ही टोलवाटोलवी. शनिवारी ब्रँचला गेलो तर दुसरा शनिवार, शटर बंद, माझीच चूक. सोमवारी काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, "कसलं पेमेंट?" म्हटलं एडिटरचं. "व्हिडिओ एडिटिंग करता का?" शेवटी आतल्या एका पोराने दोन मिनिटांत सांगितलं, दर महिन्याला आपोआप कापलं जाणारं पेमेंट असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आधी ई-मँडेट (आपोआप पैसे कापायची आगाऊ परवानगी) रजिस्टर व्हावं लागतं, १ ऑक्टोबर २०२१ पासून, आणि आमच्या डेबिट कार्डावर परदेशी मर्चंटचं ते होत नाही, क्रेडिट कार्ड वापरा. अहो मग हे फोनवर सांगायला काय झालं होतं?

क्रेडिट कार्डाचाही स्लायडर ० वरच होता, पण आता आम्ही तयार. चार मिनिटांत काम झालं. बिलात २० डॉलरच्या वर फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनासाठी बँकेचा आकार) आणि त्यावर जीएसटी लागतो, तेव्हा बायकोला आकडा सांगताना नुसते डॉलर गुणू नका.

मधल्या दिवसांत ओलामा (एआय मॉडेल आपल्याच मशीनवर चालवायचा प्रोग्राम) टाकून क्वेन कोडर या कोड लिहिणाऱ्या एआयचं ७बी, म्हणजे छोटं, मॉडेल लॅपटॉपवर चालवलं. १६ जीबी रॅममध्ये चालतं, पण फॅन असा ओरडतो की आई आतून विचारते मिक्सर कोणी लावला. छोट्या फंक्शनला ठीक. क्लायंटचा कोड बाहेर पाठवायची परवानगी नसेल तर मात्र हाच रस्ता, आणि ती परवानगी आधी विचारा, मी नंतर विचारली आणि वरमलो.

हां, सी++ वाल्यांसाठी राहिलंच. मायक्रोसॉफ्टचं सी++ एक्स्टेंशन (एडिटरला सी++ समजावणारी जोडणी) लायसन्सप्रमाणे त्यांच्याच प्रॉडक्टमध्ये वापरायचं असतं, कर्सरसारख्या फोर्कमध्ये नाही. त्याऐवजी तेच काम करणारं क्लँगडी लावा, प्रत्येक फाइल कशी कंपाइल होते ते सांगणारी कंपाइल कमांड्सची जेसन फाइल बनवून द्या, मस्त चालतं. मला उलट तेच जास्त आवडलं.

वर्षाचा प्लॅन घेतला नाही, या टूल्सचं दर दोन महिन्यांनी काहीतरी बदलतं. मँडेट असलं की पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो काल आला. लगेच ॲप उघडून आधी स्लायडर बघून आलो.