खोडरबर आणि सोळा मिनिटं

भूगोलाचा प्रकल्प म्हटला की माझ्या टेबलावर चमकी लावलेल्या फायली येऊन पडतात. आत इंटरनेटवरून छापून चिकटवलेले ज्वालामुखी आणि अक्षर बऱ्याचदा आईचं नाहीतर ताईचं. त्या वर्षी मी नववीला सांगून टाकलं, फाईल नको. मैदानात काठी रोवा आणि आपल्याकडे मध्यान्ह घड्याळात किती वाजता होते ते काढून आणा.

उत्तर मला अर्थातच ठाऊक होतं. आपली घड्याळं ज्यावरून लावलेली त्या प्रमाण रेखावृत्ताच्या आपण साडेआठ अंश पश्चिमेला, पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं, म्हणजे ३४ मिनिटं उशीर. १२:३४. हे गणित फळ्यावर इतक्यांदा मांडलंय की त्या दिवशीही सवयीने मांडून मोकळी झाले. तिथेच चुकलं.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. सगळ्यात आखूड सावली कधी पडते ते बघत बसलं तर फसायला होतं, कारण मध्यान्हीच्या आसपास बराच वेळ तिची लांबी बदलल्याचं कळतच नाही. म्हणून कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखायच्या प्राचीन भूमितीग्रंथात, दिशा काढायला सांगितलेली युक्ती आम्ही वेळेसाठी वापरली. काठीभोवती वर्तुळ आखायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरेल ती वेळ टिपायची, दुपारी बाहेर पडेल ती टिपायची. दोन्हींचा मध्य ती मध्यान्ह. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा फुकटात मिळते.

दुपारी चार गटांचे कागद आले. तिघांचं उत्तर १२:३४. चौथ्याचं १२:१८.

"काठी कलली असेल गं," मी चौथ्या गटातल्या मुलीला म्हणाले.

"नाही बाई, ओळंबा लावून बघितलाय."

मी स्वतः जाऊन ओळंबा धरला. काठी सरळ. घड्याळ मोबाईलशी जुळत होतं. तिने एक सोडून तीन वर्तुळं आखली होती. एकाच्या वेळा १०:४८ आणि १:४८, दुसऱ्याच्या ११:१५ आणि १:२१, तिसऱ्याच्या १०:२० आणि २:१७. कुठलंही घ्या, मध्य १२:१८च्या पुढेमागे अर्धा मिनिट. चूक असती तर ती तिन्हीकडे इतकी शिस्तीत कशी आली असती?

परत येऊन बाकीचे कागद खिडकीपाशी उजेडात धरले. एकावर सकाळची वेळ १०:५० स्वच्छ होती. दुपारच्या २:१८ खाली मात्र कागद खरवडून पातळ झालेला आणि पेन्सिलीचा वळ स्पष्ट, १:४६. मध्य काढला. १२:१८! उरलेल्या दोन्ही कागदांवर तीच कथा.

"तुमच्या उत्तराशी जुळत नव्हतं म्हणून दुपारची वेळ वाढवली," एकाने मान खाली घालून सांगितलं. त्याला काय रागवायचं? फळ्यावर उत्तर मीच लिहून ठेवलं होतं.

संध्याकाळी पुस्तकं काढून बसले. कॉलेजात शिकलेलं पण शाळेत कधी न लागलेलं प्रकरण सापडलं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार. जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते तेव्हा सेकंदाला सुमारे ३०.३ किमी धावते, जुलैत २९.३. त्यात आस साडेतेवीस अंशांनी कललेला. या दोन्हींमुळे सूर्य घड्याळाच्या कधी पुढे असतो, कधी मागे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं मागे. दोघांचं जुळतं वर्षातून फक्त चारदा: साधारण १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबरला. चौतीसातून सोळा गेले, राहिले अठरा.

दुसऱ्या दिवशी वर्गात आधी ते १२:३४ पुसलं आणि कुणाचं उत्तर बरोबर होतं ते सांगितलं. तिला आनंद झाला असावा, पण तिने विचारलं ते वेगळंच: "मग फेब्रुवारीत किती येईल?"

या वेळी फळ्यावर मी काहीच लिहिलं नाही. आकडेमोड त्यांनीच केली, १२:४८. फेब्रुवारीच्या मध्यावर पुन्हा काठी रोवली. नोव्हेंबरात खाडाखोड केलेला तो मुलगा शेवटच्या तासाला कागद घेऊन आला.

"बाई, अठ्ठेचाळीस यायला हवं होतं. सत्तेचाळीस आलंय."

"मग?"

"मग काय, सत्तेचाळीसच लिहिलंय."