छोट्या घराला किती किलोवॅट? आमच्या हीट पंपाचा हिशोब

2025 च्या जानेवारीत आमच्या बॉयलरने तिसऱ्यांदा मान टाकली. घर आणि नळाचं पाणी दोन्ही गॅसवर तापवणारा सतरा वर्षांचा कॉम्बी बॉयलर तो. दुरुस्तीला आलेल्या माणसाने झाकण उघडून पाहिलं आणि सांगितलं, याचा पार्ट आता मिळायचा नाही, नवा बसवा. नवा गॅस बॉयलर 2,800 पौंड. नवरा म्हणाला, "बसवून टाकू, थंडीचे दिवस आहेत." मी म्हटलं, एक महिना दे मला.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो. घर 1970 च्या दशकातलं, एका बाजूने शेजाऱ्यांना चिकटलेलं, तीन बेडरूमचं, सगळं मिळून 900 चौरस फूट. पगार दोन, मुलं दोन, घराचा हप्ता चालू. बॉयलरऐवजी हीट पंप म्हणजे मोठ्या बंगल्यांचं काम, असं मीही समजत होते. पण इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकार हीट पंपाला 7,500 पौंडांचं अनुदान देतं, आधी ते 5,000 होतं, ऑक्टोबर 2023 पासून वाढवलं. शिवाय मार्च 2027 पर्यंत यावर व्हॅट नाही. तेव्हा निदान चौकशी तरी नीट करायची, असं मी ठरवलं.

यंत्राची कल्पना अवघड नाही. फ्रिजच्या मागे हात धरला की गरम लागतं ना, तेच. फ्रिज आतल्या भाजीतली उष्णता काढून मागे टाकतो, हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता काढून घरातल्या पाण्यात टाकतो. बाहेर दोन अंश असले तरी त्या हवेत उष्णता असतेच. एक युनिट वीज घालायची आणि तीन-साडेतीन युनिट उष्णता मिळवायची, असा व्यवहार.

पहिल्या कंपनीचा माणूस वीस मिनिटांत परत गेला. त्याने एकही खोली मोजली नाही. घराचं क्षेत्रफळ विचारलं, टॅबलेटवर काहीतरी टाकलं आणि म्हणाला, 12 किलोवॅटचा पंप लागेल, एकूण 15,800 पौंड. अनुदान वजा जाता 8,300. त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं की हे आपल्याला झेपणारं नाही.

पण 12 हा आकडा मनात खुपत राहिला. आपल्या घराला उष्णता किती लागते हे मोजायचं यंत्र तर घराच्या भिंतीवर लावलेलंच आहे, गॅसचा मीटर! हवामानखात्याने उणे दोनचा अंदाज दिला त्या रात्री (बॉयलर तेवढ्यात तात्पुरता चालू झाला होता) आम्ही हीटिंग बंद केलंच नाही, चोवीस तास घर वीस अंशांवर ठेवलं. सकाळी सात वाजता अंधारात, स्वेटरवर जॅकेट चढवून, मोबाइलच्या उजेडात मीटरच्या पेटीत डोकं घालून आकडा टिपला. दुसऱ्या दिवशी सातला परत. फरक 9.8 घनमीटर.

एका घनमीटर गॅसमध्ये साधारण 11.2 युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) ऊर्जा असते. म्हणजे झाले 110 युनिट. जुना बॉयलर त्यातली पंधरा टक्के धुराड्यातून घालवतो असं धरलं तर घराला मिळाले 93. भागिले चोवीस तास. चार किलोवॅटसुद्धा भरत नाहीत. तेही वर्षातल्या अगदी कडाक्याच्या दिवशी, आंघोळी आणि स्वयंपाक धरून. चार कुठे आणि बारा कुठे! हा हिशोब मी तीनदा करून पाहिला. कुणी मला या सगळ्या प्रकरणातली एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगते: कोटेशन मागवण्याआधी एका थंड दिवसाचं मीटर रीडिंग घ्या. फुकट आहे आणि त्यावर कुणाला वाद घालता येत नाही.

मोठा घेतला तर बिघडलं काय, असं नवऱ्याने विचारलं. तो प्रश्न बरोबरच होता. दोन माणसांच्या आमटीला पंगतीचं पातेलं घेतलं तर काय होईल? पंप आपला जोर कमी-जास्त करतो, पण एका मर्यादेखाली त्याला उतरता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या घराला जेमतेम दीड किलोवॅट पुरतात. मोठा पंप तेवढं हळू चालू शकत नाही, मग तो सारखा चालू-बंद होतो, वीज जास्त खातो आणि कॉम्प्रेसरची झीज होते. वर घेतानाही जास्त पैसे, म्हणजे दोन्हीकडून मार.

फेब्रुवारीत आधी माळ्यावर चढलो. तिथे उष्णता अडवणारी लोकर (इन्सुलेशन) होती, पण जुनी, दबलेली, जेमतेम 100 मिलिमीटर. इथे 270 मिलिमीटर असावी म्हणतात. दोन शनिवार, मास्क, हातमोजे, 350 पौंडांची गुंडाळी, आणि अंगाला दोन दिवस खाज. भिंतींच्या पोकळीत इन्सुलेशन आधीच्या मालकाने भरून घेतलं होतं. मग आणखी दोघांना बोलावलं.

दुसऱ्याने 7 किलोवॅट सांगितलं आणि गरम पाणी खेळवून खोल्या तापवणारे आठच्या आठ रेडिएटर बदलायला लावले. 12,400 पौंड. तिसऱ्या छोट्या कंपनीतून एक इंजिनियर बाई आल्या आणि तीन तास थांबल्या. लेझरने प्रत्येक खोली, प्रत्येक खिडकी मोजली, माळ्यावर जाऊन लोकरीची जाडी पाहिली, रेडिएटरची लांबी-रुंदी लिहून घेतली. मी माझा मीटरचा कागद पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला नाही, शांतपणे वाचला. चार दिवसांनी खोलीवार तक्ता आला: बाहेर उणे दोन असताना घराला 4.6 किलोवॅट लागतील, 5 चा पंप पुरे. आठपैकी चार रेडिएटर बदलायचे. एकूण 10,900. अनुदान जाऊन 3,400 पौंड. नव्या गॅस बॉयलरपेक्षा 600 जास्त, बस.

रेडिएटरचं गणित त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून समजावलं. रेडिएटरवर लिहिलेली ताकद खोलीपेक्षा पाणी 50 अंशांनी गरम असताना मोजलेली असते. हीट पंप परवडायचा तर पाणी 45 अंशांवर ठेवायचं. मग 1,000 वॅटचा रेडिएटर खोलीला देतो साधारण 350 वॅट. म्हणून जिथे एकपदरी पातळ रेडिएटर होते, मुलांची खोली आणि हॉल, तिथे त्याच रुंदीचे पण दुपदरी जाड बसवायचे. आमच्या बेडरूममधला आधीच गरजेपेक्षा मोठा होता, तो तसाच राहिला. दुसऱ्याने म्हटलं होतं की 10 मिलिमीटरचे बारीक पाइप आहेत, सगळे उखडावे लागतील. यांनी मोजून दाखवलं की एका किलोवॅटला मिनिटाला तीन लिटर पाणी लागतं, आमच्या कुठल्याच खोलीला तेवढं वाहून आणायला हा पाइप कमी पडत नाही. जमिनीच्या फळ्या उचकटायच्या वाचल्या.

चालवायचा खर्च मी स्वतः मांडला. तेव्हा वीज 25 पेन्स युनिट, गॅस 6.3. बॉयलरचा तोटा धरला तर गॅसची उष्णता पडते 7.4 पेन्सला. म्हणजे पंपाने एका युनिटामागे 3.4 युनिट उष्णता दिली तर बरोबरी, त्याखाली गेला तर आपण घाट्यात. पंप कुठल्या कंपनीचा यापेक्षा पाणी किती कमी तापमानाला फिरवता येतं, यावर तो आकडा ठरतो. हे कळल्यावर वैलांट की डायकिन की मित्सुबिशी, ही चर्चा आमच्या घरात दहा मिनिटांत संपली. त्या बाईंच्या हाताला वैलांटची सवय होती, तोच घेतला.

खरी अडचण आली ती देवघराची. कॉम्बी बॉयलर पाणी लागेल तेव्हा तापवतो, त्याला टाकी लागत नाही. हीट पंपाला गरम पाण्याची टाकी लागते. घर बांधलं तेव्हा टाकीसाठी जिन्यावर एक कपाट होतं, ते आधीच्या मालकाने रिकामं केलेलं. त्या कपाटात आम्ही देव मांडले होते. सासूबाईंनी साताऱ्याहून आणलेला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, माझ्या आजीची तांब्याची पळी. दार उघडलं की समईच्या तेलाचा आणि कापराचा वास. नऊ वर्षं रोज सकाळी त्या दारासमोर उभी राहिले आहे मी. घरात दुसरीकडे टाकी बसत नव्हती. बाईंनी सगळ्या जागा पुन्हा मोजल्या, माळा पाहिला, जिन्याखाली पाहिलं. सासूबाईंना व्हिडिओ कॉल केला तेव्हा आवाज चोरून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, देवाला जागा लागते कितीशी? हॉलमध्ये पूर्वेकडे फळी मार. तिथे उजेडही येईल." गुढीपाडव्याला देव हॉलमध्ये आले. कपाटात 170 लिटरची टाकी बसली.

बाहेरच्या यंत्राची जागाही सहज ठरली नाही. यात उष्णता वाहून नेणारा वायू म्हणून प्रोपेन असतो. तो हवेपेक्षा जड, गळती झालीच तर खाली साचतो, म्हणून दार, खिडकी आणि गटाराच्या जाळीपासून ठरावीक अंतर सोडावं लागतं. मला हवी होती ती स्वयंपाकघराबाहेरची जागा जाळीमुळे बाद झाली. शेजारच्या हद्दीपासून एक मीटर अंतराची अट इंग्लंडमध्ये मे 2025 मध्ये निघाली, त्यामुळे कुंपणालगत ठेवता आलं. आवाजाची मोजणी मात्र करावीच लागते, आणि करावीच. शेजारच्या आजीची झोपायची खोली त्याच बाजूला. मी त्यांना कागद दाखवून, जागा दाखवून विचारून आले.

अनुदानाची कागदपत्रं सोपी गेली, हे सांगायलाच हवं. अर्ज बसवणारी कंपनीच करते, ती एमसीएस (अशा यंत्रांची आणि ती बसवणाऱ्यांची प्रमाणन योजना) प्रमाणित असावी लागते. आमच्याकडून तेव्हा घराचं वैध ऊर्जा प्रमाणपत्र मागितलं. ऑफजेम या सरकारी ऊर्जा नियामकाकडून ईमेल आला, संमती दिली, बिलातून 7,500 परस्पर वजा. आपल्या खिशातून आधी भरायचे नाहीत.

जुलैमध्ये चार दिवसांत काम झालं. परीक्षा नोव्हेंबरात. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रेडिएटरला हात लावला आणि मला हाक मारली, "हे बंद पडलंय का गं? नुसतं कोमट लागतंय." मलाही आतून धाकधूक होतीच. भिंतीवर पाहिलं, खोली 20.5. आधीचा बॉयलर रेडिएटर चटका बसेल इतके तापवायचा, तासाभराने खोली गार. आता ते दिवसभर कोमट असतात आणि खोली सकाळपासून रात्रीपर्यंत एकसारखी. आठवडाभराने त्यांनी खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सवय मात्र बदलावी लागली. रात्री बंद, सकाळी चालू, ही बॉयलरची रीत इथे चालत नाही. पंपाला बाहेरचं तापमान पाहून पाणी किती गरम करायचं हे स्वतःलाच ठरवू द्यायचं, रेडिएटरचे व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे आणि बटणांना हात लावायचा नाही. बाहेर किती थंडी असताना पाणी किती तापवायचं, याचा उतार पंपात ठरवलेला असतो; पहिले पंधरा दिवस आम्ही तो एकेक टप्पा खाली आणत गेलो. एक दिवस मुलांची खोली 18 वर आली तेव्हा थांबलो आणि एक टप्पा वर घेतला. ओल्या थंडीत, बाहेर दोन-तीन अंश असताना, यंत्रावर बर्फ धरतो आणि तो वितळवताना पांढरी वाफ उठते. "धूर, धूर!" म्हणत धाकटी धावत आली होती.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंपाने 1,480 युनिट वीज घेतली आणि 5,300 युनिट उष्णता दिली, आंघोळीचं पाणी धरून. भागाकार 3.58. हीट पंप असणाऱ्यांसाठी दिवसातले काही तास स्वस्त असलेला वीजदर आम्ही घेतला, टाकी त्या तासांत तापते, म्हणून युनिट सरासरी 20 पेन्सला पडलं. गॅसच्या मानाने चार महिन्यांत पंच्याण्णवएक पौंड वाचले. फार नाहीत. पण ज्या 12 किलोवॅटसाठी मी सही करायच्या बेतात होते, त्याने हे वाचलेले तर सोडाच, वरचे 4,900 पौंडही गेले असते.

गॅसचा मीटर अजून भिंतीवर आहे. शेगडीपुरताच. त्याचा स्थिर आकार रोज तीस पेन्स, म्हणजे वर्षाला 110 पौंड, गॅस जाळा किंवा नका जाळू. इंडक्शन घेतलं तर मीटर काढून टाकता येईल. बिडाच्या तव्यावर इंडक्शनवर भाकरी छान होते, मैत्रिणीकडे करून पाहिली. पोळीही होते. ज्वाळेवर टाकताच टम्म फुगणारा फुलका होत नाही, आणि सासूबाईंना रात्री तोच लागतो. त्या एप्रिलमध्ये साताऱ्याला परत जातील. मीटर तोवर राहील.