नोकरकपातीचा कायदा: अमेरिकेचे 1994 चे उदाहरण

सरकारी नोकर कमी करायचे म्हटले की लोकांना आधी हकालपट्टी आठवते. अमेरिकेच्या 1994 च्या कायद्याचा भर मात्र पैसे देऊन निरोप देण्यावर होता. असा कायदा होताना अमेरिकी संसदेच्या दोन सभागृहांचे, प्रतिनिधीगृह आणि सिनेट यांचे, मसुदे वेगळे निघाले, तर दोघांना एकच मजकूर शब्दशः मंजूर करावा लागतो. विधेयके इथेही रखडू शकतात. मग राष्ट्राध्यक्षांची सही. क्लिंटन यांनी ती 30 मार्च 1994 रोजी केली.

स्वेच्छेने जाणाऱ्याला जास्तीत जास्त 25,000 डॉलर, किंवा नोकरीवरून काढल्यास नियमाने देय होणारी भरपाई त्याहून कमी असेल तर तेवढीच. पाच वर्षांत पुन्हा केंद्र सरकारच्या नोकरीत आल्यास पूर्ण रक्कम परत. उद्दिष्ट 1999 पर्यंत 2,72,900 पदे घटवण्याचे. मोजणी माणसांची नव्हे, पूर्णवेळ कामाच्या तासांची; अर्धवेळ दोघे मिळून एक.

खरी गोम इथे आहे. पैसे घेऊन आधी जातात ते निवृत्तीजवळचे अनुभवी लोक. काम तेवढेच उरते, मग ते कंत्राटदाराकडे जाते, आणि कंत्राटी माणूस या मोजणीत येतच नाही. कागदावर कपात दिसते, खर्च दुसऱ्या खात्यावर पडतो.