धुराने दाखवलेली जोडणी

गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी आमच्या दाराच्या मुठीला स्थानिक प्रशासनाची एक चिठ्ठी अडकवलेली आढळली. पुढील आठवड्यात या भागातील मलवाहिन्यांमध्ये धूर सोडला जाणार आहे, तो निरुपद्रवी आहे, आणि तळघरातील वापरात नसलेल्या मोरीत आधी बादलीभर पाणी ओतून ठेवावे, असा तिचा मजकूर होता. मोरीखालच्या वळणात पाणी साचलेले असले, की धूर (आणि एरवी दुर्गंधीही) घरात शिरत नाही, हे कारणही तिच्यात दिले होते. शिकागोच्या या उपनगरात राहून आम्हाला बरीच वर्षे झाली होती, तरी हा प्रकार आमच्यासाठी नवा होता.

ठरलेल्या दिवशी कर्मचाऱ्यांनी रस्त्यावरील मॅनहोलवर पंखा बसवून धूर आत ढकलला. छपरावरील हवेच्या नळीतून तो बाहेर आला, तर काही बिघडत नाही. तो यायलाच हवा. आमच्या घरी मात्र तो छपराच्या पन्हळीतूनही निघू लागला, आणि एका कर्मचाऱ्याने शांतपणे त्याचे छायाचित्र घेतले. पन्हळीतून धूर येतो, याचा अर्थ छपरावरचे पावसाचे पाणी थेट मलवाहिनीत जाते. ही जोडणी घराच्या आधीच्या एखाद्या मालकाने केव्हातरी केलेली असणार. दोन आठवड्यांनी नोटीस आली. 90 दिवसांत जोडणी तोडावी, पाणी स्वतःच्या अंगणात सोडावे, ते शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊ देऊ नये, अन्यथा मुदतीनंतर प्रत्येक दिवसाला दंड होईल, असे तिच्यात म्हटले होते.

प्रथम मला रागच आला. एका छपराच्या पाण्याने असे काय बिघडते? परंतु येथील सांडपाण्याची व्यवस्था समजून घेतल्यावर तो ओसरला. शिकागो शहरात आणि जुन्या उपनगरांत पावसाचे पाणी व मैला एकाच वाहिनीतून वाहतो. जोराचा पाऊस झाला, की वाहिन्या तुडुंब भरतात आणि पाणी उलटे फिरून लोकांच्या तळघरांत शिरते किंवा नदीत सोडावे लागते. पिण्याचे पाणी मिशिगन सरोवरातून घेतले जात असल्यामुळे मैला तिकडे जाऊ नये, म्हणून या शहराने 1900 साली चक्क नदीचा प्रवाहच उलटा फिरवला होता. पुढे पावसातले हे जादा पाणी साठवण्यासाठी 1975 साली खोल भूमिगत बोगद्यांचे काम सुरू झाले. सुमारे 175 किलोमीटर लांबीचे बोगदे 2006 पर्यंत पूर्ण झाले. आमच्या उपनगरात दोन्ही वाहिन्या वेगळ्या आहेत, तरीही मैल्याची वाहिनी शेवटी हे बोगदे चालवणाऱ्या प्रादेशिक सांडपाणी संस्थेच्या यंत्रणेलाच जाऊन मिळते, आणि ती संस्था 2014 पासून उपनगरांवर पावसाचे पाणी मलवाहिन्यांत शिरू न देण्याची जबाबदारी टाकत आली आहे. 1889 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे नऊ आयुक्त मतदार थेट निवडतात. मतपत्रिकेवर सांडपाण्याच्या कारभाऱ्यांची नावे प्रथम पाहिली, तेव्हा मला हसू आले होते.

मालकीची सीमारेषा हा या सगळ्यातील खरा कळीचा मुद्दा आहे. आमच्याकडे घरापासून रस्त्याखालील मुख्य वाहिनीपर्यंतचा मैल्याचा पाइप घरमालकाचा असतो. तो फुटला, तर खर्चही त्याचाच. पिण्याच्या पाण्याच्या पाइपाबाबत हीच रेषा अडचणीची ठरते. शिकागोत घराला पाणी आणणारा पाइप शिशाचा असणे 1986 पर्यंत नियमानुसार बंधनकारक होते, आणि त्याच वर्षी देशभर त्यावर बंदी आली. केवळ रस्त्याच्या बाजूचा अर्धा पाइप बदलला, तर उरलेला भाग हलून पाण्यात अधिक शिसे उतरू शकते. म्हणून 2022 पासून अमलात असलेल्या इलिनॉय या आमच्या राज्याच्या कायद्यानुसार पाइप बदलायचा, तर तो संपूर्ण बदलावा लागतो.

नियमांचा हा बडगा केवळ नागरिकांवरच असतो, असे मात्र नाही. दर वर्षी 1 जुलैपर्यंत पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणेला पाण्याच्या गुणवत्तेचा अहवाल प्रत्येक ग्राहकापर्यंत पोहोचवावा लागतो. त्यातील शिशाचा आकडा सरासरीचा नसतो. नमुने चढत्या क्रमाने लावून नव्वदाव्या टक्क्याला येणारे मूल्य तेथे दिलेले असते, आणि ते अब्जांशी 15 भागांच्या वर गेले, तर यंत्रणेला उपाययोजना करावी लागते. आमच्या शेजारचे एक आजोबा हा अहवाल पेन्सिलीने खुणा करत वाचतात आणि शंका असल्या, की थेट सभेत उभे राहतात.

प्लंबरने अर्ध्या दिवसात आमची जोडणी तोडली, जमिनीतील तोंड बंद केले आणि पन्हळीचे पाणी फुलझाडांकडे वळवले. निरीक्षक येऊन पाहून गेले व फाइल बंद झाल्याचे पत्र पाठवले. सप्टेंबरच्या पहिल्या मोठ्या पावसात मागील अंगणात घोट्याएवढे पाणी साचले. आता ते शेजाऱ्याच्या कुंपणाखालून पलीकडे जाऊ नये, म्हणून मी चर खणत आहे.