बॉस्टनच्या तळ्यातली लादी

१२ मे

१८३३ साली आजच्याच दिवशी ‘टस्कनी’ जहाज बॉस्टनहून कलकत्त्याला निघालं. पोटात १८० टन बर्फ. चार महिन्यांचा प्रवास, त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. सप्टेंबरात कलकत्ता गाठलं तेव्हा १०० टनांच्या आसपास शिल्लक होता.

याचं सगळं श्रेय बॉस्टनचा बर्फ-व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याच्या नावावर जमा होतं. चिकाटी त्याचीच, यात वाद नाही. १८०६ मध्ये पहिली खेप कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर नेली. तिथे बर्फ ठेवायला कोठारच नव्हतं, माल डोळ्यांदेखत पाघळला. पुढे कर्जापायी तुरुंगाची हवाही खाल्ली. पण धंदा खरा उभा राहिला तो नॅथॅनिएल वायथच्या बर्फ कापायच्या नांगरामुळे, असं माझं मत. बॉस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या फ्रेश पाँड तळ्याकाठी वायथच्या घरच्यांचं हॉटेल होतं. नांगर येण्याआधी बर्फ हातकरवतीने आणि कुऱ्हाडीने काढत. तुकडे वेडेवाकडे, रचले की मधे फटी. फटीत हवा, आणि हवा खेळली की बर्फ संपला.

वायथने घोडा जुंपला. आधी तळ्यावरचं बर्फाचं भुसभुशीत पांघरूण खरवडून काढायचं, कारण ते राहिलं तर थंडी खाली पोचत नाही आणि थर जाड होत नाही. मग फळी धरून पहिली सरळ रेघ. पुढचं अवजार दोन समांतर दातेरी पट्ट्यांचं: एक पट्टी जुन्या चरातून चालते, दुसरी साधारण २२ इंचांवर नवा चर पाडते. म्हणजे पहिली रेघ वाकडी गेली की अख्खं शेत वाकडं. आडवे-उभे चर झाले की नांगराने ते जाडीच्या दोन-तृतीयांशापर्यंत खोल करायचे. आरपार कापायचं नाही. वर माणसं आणि घोडे उभे असतात. उरलेलं पहारेने फोडायचं. लादी सरळ रेषेत तुटते, मग मोकळ्या केलेल्या पाण्यातून लांब काठीने ढकलत कोठारापर्यंत न्यायची.

तरी घोडे पाण्यात पडतच. त्यांच्या गळ्यात आधीच एक दोर अडकवलेला असे. घोडा पडला की तो आवळायचा. श्वास कोंडला की घोडा धडपड थांबवतो, छातीतल्या हवेमुळे तरंगतो, मग ओढून वर काढायचा आणि लगेच दोर सैल करायचा. वाचताना अंगावर काटा येतो, पण घोडा वाचायचा तो यानेच.

कोठाराचं गणित सोपं आहे. ढिगाची बाजू दुप्पट केली की बर्फ आठपट होतो, उघडा पृष्ठभाग चौपटच. म्हणून लहान साठा टिकत नाही, मोठा टिकतो. शिवाय शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं. भिंती दुहेरी, मधे लाकडाचा भुसा. लाद्या अंगाला अंग लावून. आणि तळाला मोरी! सगळे भुशाचं कौतुक करतात, मोरीचं कोणी करत नाही. पाणी साचलं की भुसा भिजतो, आणि भिजलेला भुसा उष्णता अडवत नाही. मोरीतही पाणी अडवून ठेवायचं, नाहीतर त्याच वाटेने गरम हवा वर चढते.

जहाजावरही हेच: फळ्यांचं अस्तर, भुसा, घट्ट रचाई, आणि वितळलेलं पाणी पंपाने सतत उपसणं. यात ढिलाई झाली की खालचे थर आधी जायचे.

हे परवडलं कसं? तळ्याचं पाणी फुकट. भुसा शेजारच्या मेन राज्यातल्या लाकूडगिरण्यांतला, तिथे तो टाकाऊ. आणि न्यू इंग्लंडहून, म्हणजे बॉस्टनच्या त्या भागातून, हिंदुस्थानकडे पाठवायला माल कमी. जहाज डोलू नये म्हणून तळाला दगडधोंडे भरावे लागत. त्या जागी बर्फ भरला तर मालकाला थोडंफार भाडं तरी मिळे. कॉफीच्या सट्ट्यात दोन लाख डॉलरांहून जास्त गमावलेला ट्यूडर या बर्फावर सावरला. सोबत सफरचंदं आणि लोणीही थंडगार पोचवायचा.

१८३४ मध्ये बर्फ मुंबईत आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाली, असं ‘मुंबई समाचार’ने छापल्याचं सांगतात.

अमेरिकेत हा धंदा पुढेही बराच काळ फोफावला, इतका की १९०० मध्ये न्यूयॉर्कात बर्फाच्या मक्तेदारीने भाव दुप्पट केला आणि महापौरच त्या कंपनीचा भागधारक निघाला. आपल्याकडे मात्र १८७८ मध्ये कलकत्त्यात यंत्राने बर्फ करणारी कंपनी निघाली आणि बॉस्टनच्या जहाजांचं काम संपत आलं. मद्रासचं बर्फघर समुद्रकिनारी अजून उभं आहे, आता विवेकानंदांच्या नावाने. मुंबईचं फोर्टातलं पाडलं. लादीवर भुसा टाकायची पद्धत तेवढी राहिली.